काट्याचा आकडा फॅटच्या रकान्यात का पडतो?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गाईचे साडेसहा लिटर दूध घालणाऱ्या एका उत्पादकाला पावतीवर ३.८ लिटर आणि ६.५ फॅट असे आकडे मिळाले, असे पत्र अलीकडेच आपल्या दैनिकात वाचले. संस्थेने यंत्राकडे बोट दाखवले, गावाने सचिवांकडे. मी पलूस-कडेगाव भागात दूध संकलन केंद्रांवरची संगणक यंत्रणा दुरुस्त करते, म्हणून ही पावती पाहून गप्प बसवेना. लिटर आणि फॅट यांची अदलाबदल झाली आहे हे त्या पावतीवरच दिसते, आणि ती कुणी हाताने केली असेलच असे नाही. काट्याच्या पडद्यावर ६.५ बरोबर दिसत असते, फॅट मशीनवर ३.८ बरोबर दिसत असते, दोन्ही यंत्रे निर्दोष असतात आणि तरी पावती चुकते. याचे मूळ, संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम तिला जोडलेल्या उपकरणांना क्रमांक कसे देते, यात आहे. हा विषय वर्तमानपत्राचा नाही असे कुणी म्हणेल. पण त्यावर सकाळ-संध्याकाळ शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तेव्हा तो सगळ्यांना कळला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आधी केंद्रावरचे चित्र सांगते. टेबलावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा एक छोटा संगणक असतो, बऱ्याच ठिकाणी रास्पबेरी पाय. काट्याची एक केबल आणि फॅट मशीनची दुसरी, अशा दोन सिरीयल केबल यूएसबी जोडणीतून त्यात येतात. लिनक्स त्यांना टीटीवाय-यूएसबी-० आणि टीटीवाय-यूएसबी-१ अशी नावे देते. पावती छापणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहिलेले असते की शून्य म्हणजे काटा, एक म्हणजे फॅट. बसवणारा माणूस एकदा तपासून बघतो, बरोबर येते, आणि तो निघून जातो.

मग एखाद्या पहाटे लाईट जाते आणि येते. संगणक नव्याने सुरू होतो, यूएसबीवरची उपकरणे पुन्हा मोजली जातात आणि जे आधी ओळखले जाईल त्याला शून्य मिळते. हा क्रमांक दवाखान्यातल्या टोकनसारखा आहे. आज तुम्हाला एक नंबर मिळाला म्हणून उद्याही मिळेल असे नाही, आणि टोकनावरून आजार कळत नाही. फॅट मशीन आधी ओळखले गेले की ते शून्य होते. दोन्ही यंत्रे सेकंदाला ९६०० बिट या एकाच वेगाने आकडे पाठवत असली, आणि प्रोग्राम 'आलेल्या ओळीतला पहिला दशांश आकडा उचला' एवढाच हुशार असला, की लिटरच्या जागी फॅट बसते. वेग वेगळे असते तर निदान कचरा अक्षरे आली असती आणि कुणाच्या तरी लक्षात आले असते.

यात सर्वांत वाईट बाब अशी की रात्रीच्या हिशेबातही हे सापडत नाही. साडेसहाला ३.८ ने गुणा किंवा ३.८ ला साडेसहाने, एकूण फॅट तेवढेच येते. फॅटचा ताळा जुळतो म्हणून सचिव निश्चिंत होतात. पण गाईच्या दुधाचा दर फॅटबरोबर एसएनएफवरही (फॅट सोडून दुधातल्या इतर घन पदार्थांवरही) ठरतो, आणि लिटरच कमी लागले की उत्पादकाचे नुकसान होते. कॅनमधले एकूण लिटर आणि पावत्यांची बेरीज मोजून पाहिली, तरच फरक कळतो.

आता क्रमांकांकडे येते. लिनक्समध्ये उपकरणही फाईलच्या रूपात दिसते. डेव्ह नावाच्या डिरेक्टरीत ही उपकरणे असतात. साध्या फाईलची तपशीलवार यादी काढली की तिथे आकार बाइटमध्ये दिसतो. उपकरणाच्या बाबतीत त्या जागी स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे असतात. आमच्या काट्याच्या केबलपुढे १८८, ० असे दिसते. पहिला मेजर नंबर, दुसरा मायनर. मेजरवरून कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कळते की हे काम कोणत्या ड्रायव्हरकडे (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) द्यायचे, आणि त्या ड्रायव्हरच्या ताब्यातल्या अनेक उपकरणांपैकी नेमके कोणते, हे मायनर सांगतो. १८८ म्हणजे यूएसबी-सिरीयल, हे जगातल्या सगळ्या लिनक्स संगणकांवर ठरलेले आहे. मायनर मात्र येईल त्याला.

फाईलचे नाव कर्नलच्या दृष्टीने गौण असते, हे नीट समजले नाही तर माणूस फसतो. एका पुरवठादाराच्या यंत्रणेत मी हे पाहिले आहे. त्यांनी संगणक सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एमकेनॉड हा आदेश लिहून 'काटा' नावाचे उपकरण तयार केले होते, क्रमांक १८८ आणि ०. प्रोग्राम 'काटा' उघडत होता. वाचायला किती छान! सचिवांना वाटले आता नाव पक्के झाले. पण कर्नल त्या नावाकडे पाहत नाही, तो आतले दोन आकडे पाहतो, आणि १८८, ० वर त्या दिवशी फॅट मशीन बसलेले असेल तर 'काटा' उघडल्यावर फॅटच मिळते. चुकीच्या ठिकाणी नेणारी ही पाटी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे तपासणाराही पुढे जातो.

ही दोन आकड्यांची पद्धत युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सने जिचा नमुना घेतला त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, सुरुवातीच्या वर्षांतली आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्सची ओळख करून देणारा जो निबंध लिहिला, त्यात उपकरणाचा प्रकार आणि उप-उपकरणाचा क्रमांक अशी जोडी स्पष्ट सांगितली आहे. त्या काळी एका यंत्राला मोजके टर्मिनल, डिस्क आणि टेप जोडलेले असत. ती तंत्रज्ञ मंडळींनी हाताने जोडायची आणि महिनोन्‌महिने हलवायची नाहीत. तिथे ठरलेले क्रमांक अगदी योग्य होते. चालू संगणकात कुणी येऊन केबल काढेल आणि दुसऱ्या भोकात खुपसेल, अशी कल्पनाच त्यात नव्हती.

लिनक्सने हीच जोडी घेतली आणि सोळा बिटांत बसवली, आठ मेजरसाठी आणि आठ मायनरसाठी. म्हणजे मेजर २५६ आणि प्रत्येकाखाली मायनर २५६. कोणता मेजर कुणाचा याची एक अधिकृत यादी असे. ती सांभाळण्याचे काम एच. पीटर अॅन्विन यांनी अनेक वर्षे केले, आणि त्या व्यवस्थेला लॅनाना असे नाव होते. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्यांच्याकडे अर्ज करून क्रमांक मिळवायचा. ती यादी आजही कर्नलच्या कागदपत्रांत आहे आणि मला ती वाचायला आवडते. कॅरॅक्टर उपकरणांत, म्हणजे अक्षरांचा ओघ वाहतो अशा उपकरणांत, १ म्हणजे मेमरी, त्यातला ३ म्हणजे सगळे गिळणारे नल, ५ म्हणजे शून्ये देणारे झीरो. ४ म्हणजे टर्मिनल, आणि त्यातच ६४ पासून पुढे जुनी सिरीयल पोर्ट. डिस्कसारख्या, ठोकळ्यांत वाचल्या जाणाऱ्या ब्लॉक उपकरणांची यादी वेगळी, तिथे १ म्हणजे रॅमडिस्क आणि ८ म्हणजे स्कझी डिस्क.

त्या ८ क्रमांकाने ही पद्धत किती तोकडी होती ते दाखवून दिले. प्रत्येक डिस्कला सोळा मायनर दिले, एक अख्ख्या डिस्कला आणि पंधरा तिच्या भागांना. २५६ भागिले सोळा म्हणजे एका मेजरखाली सोळाच डिस्क. त्या संपल्यावर ६५ ते ७१ दिले, नंतर १२८ ते १३५. असे सोळा मेजर खर्च करून २५६ डिस्कची सोय झाली. मोठ्या सर्व्हरना त्याहून जास्त डिस्क लागत होत्या आणि हातात एकूण मेजरच २५६! शेवटी मे २००१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या सांगण्यावरून नवे क्रमांक देणेच थांबवण्यात आले. मला तो निर्णय धाडसाचा आणि योग्य वाटतो. यादी लांबवत बसले असते तर आपण अजून त्याच दलदलीत असतो. पुढे यादी पुन्हा सुरू झाली, पण विचाराची दिशा बदलली होती.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलमध्ये हा क्रमांक बत्तीस बिटांचा झाला. बारा बिट मेजरला, वीस मायनरला. म्हणजे ४०९६ मेजर आणि प्रत्येकाखाली दहा लाखांहून अधिक मायनर. जागा झाली. पण जागेपेक्षा मोठा बदल असा की ड्रायव्हरने क्रमांक मागायचाच नाही, कर्नलला सांगायचे की तूच एक मोकळा दे. ही सोय जुन्या कर्नलमध्येही होती, आता ती सर्वमान्य वाट झाली. कर्नल २५४ पासून खाली २३४ पर्यंत शोधतो, आणि नव्या कर्नलमध्ये तेही भरले तर ५११ पासून ३८४ पर्यंत.

मग डेव्ह डिरेक्टरीत फाईल कोण तयार करणार? आधी रिचर्ड गूच यांचे डेव्हएफएस होते, ते कर्नलच्या आतच नावे ठरवायचे. त्यावर बरेच वाद झाले आणि २००६ पर्यंत ते कर्नलमधून काढून टाकण्यात आले. २००३ पासून ग्रेग क्रोह-हार्टमन यांचे यूडेव्ह आले आणि तेच टिकले. नवे उपकरण दिसले की कर्नल निरोप पाठवतो, त्यात मेजर, मायनर, कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, अनुक्रमांक आणि ते कोणत्या पोर्टवर आहे ही सगळी माहिती मिळवण्याचा मार्ग असतो. यूडेव्ह ती वाचून नावे आणि जोड-नावे तयार करते. २००९ पासून मूळ फाईल कर्नल स्वतःच मेमरीत तयार करतो आणि यूडेव्ह वरची नावे व परवानग्या सांभाळते. आकडा कर्नलच्या अंतर्गत सोयीचा आणि ओळख उपकरणाच्या गुणांवरून, अशी ही वाटणी आहे. दूध केंद्रावर नेमकी हीच हवी होती. आणि ती आमच्या छोट्या संगणकात कुणी न मागता, फुकट, वर्षानुवर्षे हजर आहे. डेव्हमध्ये सिरीयल नावाची डिरेक्टरी उघडून पाहा, आत बाय-आयडी आणि बाय-पाथ अशा दोन डिरेक्टरी दिसतात. पहिलीत यंत्राच्या ओळखीवरून नाव, दुसरीत पोर्टच्या जागेवरून. प्रोग्राममध्ये टीटीवाय-यूएसबी-० च्या ऐवजी हे नाव लिहायचे. बदल एका ओळीचा आहे.

एवढे असून केंद्राकेंद्रांवर तीच चूक का? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुला-मुलींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मी पाहते. कित्येकांत ड्रायव्हरचा प्रयोग आजही असा आहे: मेजर नंबर २४० पक्का लिहा, ड्रायव्हर चढवा, एमकेनॉडने २४०, ० ची फाईल करा, तिच्यात लिहा आणि वाचा. २४० का, तर यादीत २४० ते २५४ प्रयोगासाठी राखीव आहेत. खरे आहे, पण कर्नल मोकळे क्रमांक २५४ पासून खाली देत येतो, म्हणजे त्याच पट्ट्यातून. इतर ड्रायव्हरांनी तोवर २४० घेतला असेल तर मुलीचा ड्रायव्हर 'जागा व्यापलेली' या चुकीवर अडतो, आणि तिला वाटते आपला प्रोग्राम चुकला. शेजारच्या संगणकावर तोच प्रोग्राम चालतो. मग ती तिसराच आकडा लिहून पाहते आणि प्रयोग पूर्ण झाला म्हणून सही मिळते. त्यातून ती शिकली काय, तर आकडा चालेपर्यंत बदलत राहायचा. हीच मुले पुढे आमच्या तालुक्यातल्या पुरवठादारांकडे नोकरीला लागतात आणि त्यांच्या स्क्रिप्टमध्ये १८८ आणि ० येतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, वहीत होते ते त्यांनी केले. क्रमांक कर्नलकडून मागून घ्या, मग क्लास आणि डिव्हाइस नोंदवा, फाईल आपोआप येऊ द्या, आणि प्रॉक डिरेक्टरीतल्या डिव्हाइसेस फाईलमध्ये आपल्याला कोणता मेजर मिळाला ते पाहा, असा प्रयोग एका तासिकेत बसतो. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की वही बदला.

आता खरेदीचा मुद्दा, कारण तिथे फक्त प्रोग्राम सुधारून भागत नाही. बाय-आयडी हे नाव अनुक्रमांकावर टिकते. एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप कारखान्यातून स्वतःचा अनुक्रमांक घेऊन येते, तिथे काम चोख होते. पण स्वस्त केबलमध्ये बहुधा सीएच३४० चिपचा साधा प्रकार असतो, त्यात अनुक्रमांक नसतो. अशा दोन केबल एकाच संगणकात लावल्या की दोघींची ओळख अक्षर न अक्षर सारखी, आणि बाय-आयडीत एकीचेच नाव उरते. मग बाय-पाथ वापरावे लागते, आणि ते वापरले की पोर्ट बदलून चालत नाही. आमच्याकडे मी प्रत्येक भोकाशेजारी रंग लावून देते, काट्याला पिवळा, फॅटला हिरवा. केबलच्या टोकालाही तोच. झाडू मारताना केबल निघाली तर कुणीही परत बरोबर लावू शकते. संस्थांनी पुढच्या खरेदीच्या अटींत 'अनुक्रमांक असलेली केबल' एवढे शब्द घातले तर हा त्रासही संपेल. यंत्रणेच्या एकूण किमतीपुढे केबलमधला फरक अगदी किरकोळ असतो.

केबल निघण्यावरून आणखी एक सांगते. प्रोग्राम चालू असताना केबल निघाली आणि परत लावली, तर जुना मायनर प्रोग्रामने धरून ठेवलेला असतो, सुटत नाही. त्यामुळे परत आलेल्या काट्याला शून्य मिळत नाही, दोन मिळतो. प्रोग्राम शून्याकडे बघत बसतो आणि केंद्रावर 'मशीन हँग झाले' म्हणून संगणक बंद-चालू केला जातो. त्या चालू होण्यात क्रम उलटला की आपण पुन्हा वरच्या पावतीवर येतो. ही साखळी मी वेगवेगळ्या गावांत पाहिली आहे.

काही संस्थांचे म्हणणे असते की यापेक्षा विंडोज बरे, तिथे कॉम ३ (विंडोज सिरीयल जोडणीला देते ते नाव) म्हणजे कॉम ३. अर्धे खरे आहे. केबलला अनुक्रमांक असेल तर विंडोज तिचा कॉम नंबर लक्षात ठेवते. नसेल तर प्रत्येक नव्या भोकाला नवा नंबर देत जाते, म्हणून काही केंद्रांवर कॉम १७ वगैरे दिसतात. मूळ प्रश्न तोच, ओळख नसलेल्या वस्तूला ओळख कुठून आणायची. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून तो सुटत नाही.

काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो आणि तो असलाच पाहिजे. पण तो काट्याच्या पडद्यापर्यंतची हमी देतो. उत्पादकाला पैसे मिळतात ते पावतीवरच्या आकड्यावर, आणि पडद्यापासून पावतीपर्यंतचा रस्ता कुणीच तपासत नाही. दूध संघांनी आपल्या संस्थांच्या वार्षिक तपासणीत हा भाग घालावा, ही या पत्रातली माझी मुख्य मागणी आहे.

तपासणी अवघड नाही आणि ती कुणीही सभासद मागू शकतो. संकलन संपल्यावर संगणक चालू ठेवून दोन्ही केबल काढा. कोणती कुठे होती ते आधी लिहून ठेवा. मग त्याच भोकांत, पण उलट्या क्रमाने लावा, म्हणजे आधी फॅट मशीनची, थोडे थांबून काट्याची. प्रोग्राम नव्याने सुरू करा. काट्यावर पाच किलोचे वजन ठेवा, फॅट मशीनमध्ये नेहमीचा नमुना घाला आणि पावती काढा. पाचचा आकडा वजनाच्या किंवा लिटरच्या रकान्यात आला तर उत्तम. फॅटच्या रकान्यात आला, किंवा प्रोग्राम काहीच न दाखवता बसून राहिला, तर पुरवठादाराला बोलावून टीटीवाय-यूएसबी हे नाव प्रोग्राममध्ये आणि स्क्रिप्टमध्ये कुठे कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा. आणि दुरुस्ती झाल्यावर हीच चाचणी संगणक पूर्ण बंद करून, पुन्हा सुरू करून, सचिव आणि दोन-तीन उत्पादकांसमोर करून घ्या.

आपली विश्वासू,
दूध संकलन यंत्रणांची दुरुस्ती करणारी एक वाचक,
पलूस, जि. सांगली